माठाशेजारची निलगिरी

दोन वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलियाला, लेकीकडे, राजसीकडे गेल्या तेव्हा कुंदाताईंनी डोंगरमाथ्यावर गुडघाभर बर्फात उभं असलेलं निलगिरीचं झाड पाहिलं. बाकीचे फोटो काढत राहिले. त्या हातमोजा काढून खोडावर हात ठेवून उभ्या. ओल्या सालीवर राखाडी, पिस्ता, तांबूस पट्टे. घरी परतल्यावर त्या स्वप्नात त्या झाडाकडे जाऊ लागल्या. सकाळी चहा गाळताना नवऱ्याला, दिनानाथांना सांगत, आज पाय बर्फात रुतले नाहीत. आज झाडाने ओळखलं.

यंदा डॉक्टरांनी हृदयाचं कारण देऊन विमानप्रवास बंद केला. तेव्हापासून त्या स्वप्नं सांगेनाशा झाल्या.

दिनानाथांना ते सहन होईना. कारखान्यातलं शीतगृह तीस वर्षं सांभाळलेला माणूस. थंडी ही त्यांच्या हातातली गोष्ट. त्यांनी त्याच जातीचं बी मागवलं, ओल्या वाळूत कालवलं आणि फ्रिजमध्ये कोथिंबिरीमागे सहा आठवडे ठेवलं. बियांना वाटायला हवं होतं, हिवाळा होऊन गेला. फेब्रुवारीत अंबरनाथ पश्चिमेच्या त्यांच्या बाल्कनीत चार रोपं वर आली.

एप्रिलात पारा चाळिशीला टेकला. दिनानाथ रोज दुपारी कुंड्यांत बर्फाचे खडे रचू लागले.

"अहो, झाड आहे ते, सरबत नव्हे," कुंदाताई म्हणाल्या.

तीस वर्षांचा अनुभव ऐकेना. पंधरा दिवसांत तीन रोपं मुळाशी कुजली.

चौथं एका सकाळी जागेवर नव्हतं. ते स्वयंपाकघराच्या खिडकीत, माठाशेजारी सापडलं. वाळू भरलेल्या मडक्यात कुंडी बसवलेली, मडक्याला माठासारखंच ओलं फडकं. आठवड्याने त्याला दोन नवी पानं फुटली. दिनानाथांनी बर्फाचा ट्रे फ्रिजमध्ये परत ठेवला. पण खिडकीबाहेरचा उन्हाळा त्यांना दिसत होता.

"मे काढायचं नाही हे," ते खालच्या आवाजात म्हणाले.

"माहितीये. मग एप्रिलमध्येच भेटून घेऊ."

कुंदाताईंनी एक पान खुडलं, बोटांत चुरडलं, आधी दिनानाथांच्या नाकाशी धरलं, मग स्वतःच्या. डोळे मिटले. शेजारी कुणाचा तरी कुकर वाजत राहिला. बऱ्याच वेळाने त्यांनी नवऱ्याचा हात धरला.

"जपून या," त्या म्हणाल्या, "इथे खोल आहे."

आणि तापलेल्या फरशीवर दिनानाथांनी पाऊल उंच उचलून टाकलं.