लटारूमामा मऊ झाले तेव्हा

सीईटी शनिवारी होती आणि निकेशच्या डोक्यात पॉलिमर काही केल्या टिकत नव्हते. गेल्या वर्षी फार्मसीची जागा थोडक्यात हुकली होती, ती याच धड्यापायी. तापवलं की कोणता मऊ होतो, कोणता होत नाही, कोणाला काय चिकटत नाही, याची नुसती खिचडी व्हायची. शेवटी क्लासच्या सरांनी उपाय सांगितला, "घरच्या माणसांना एकेक पॉलिमर वाटून दे. घरचा माणूस कोणी विसरत नाही."

पोंभुर्ण्याजवळच्या त्या गावात निकेशच्या घरी माणसांचा तोटा नव्हता. तळ्यावर मासे धरणारे बाबा नायलॉन झाले; अंगाने बारीक, पण कितीही ताणा, तुटायचे नाहीत. धाकटी पिंकी रबर. ओढली की भोकाड, सोडली की पुन्हा होती तशी. अंजनाआत्या टेफ्लॉन, कारण कोणाचा कसलाही टोमणा तिच्या अंगाला चिकटत नसे. आणि आईचा थोरला भाऊ लटारूमामा म्हणजे साक्षात बॅकेलाइट. एकदा घट्ट झाला की कितीही तापवा, पुन्हा मऊ होणे नाही. पिंकीच्या बारशाला कधीकाळी मामाला गार चहा मिळाला होता. तेव्हापासून मामा रोज संध्याकाळी येई, खाटेवर बसे, पोटभर गप्पा मारी, पण या घरच्या चहाला शिवत नसे.

युक्ती अशी लागू पडली की निकेशचा स्वतःवरच विश्वास बसेना. बुधवारी तो अंगणात मोठमोठ्याने घोकत होता, "लटारूमामा, बॅकेलाइट! तापवला तरी मऊ होत नाही!"

"कोण मऊ होत नाई रे?" मामा फाटकातच उभा होता.

"थे... कुकरचा काळा दांडा असते ना मामा, त्याचं प्लास्टिक..."

"मी कुकरचा दांडा?"

"तसं नाई. तुम्ही चहा नाई घेत ना, म्हणून."

मामाने अंजनाआत्याकडे पाहिलं. ती तांदूळ निवडत होती. "आन् तुले काय म्हणते हा?"

"टेफ्लॉन."

"चांगलं असते का थे?"

"काय माईत? मले काय फरक पडते?"

मामा खाटेवर बसला, पण गप्पा मारेना. मिशी खाली आली होती. शेवटी तो म्हणाला, "गिरजा, चहा मांड."

आईच्या हातातलं सूपच खाली पडलं. डोळे पुसत ती चुलीकडे धावली. निकेशचा मात्र चेहरा पांढरा पडला.

"आई, नको मांडू! शनिवारपर्यंत नको!"

"काऊन? इतक्या वर्षांनी दादा मागून राह्यला!"

"मामा मऊ झाले तं माहा मार्क जाते ना!"

पण चहा झाला. कप मामाच्या हातात आला. निकेशने बशी धरली, बाबांनी मनगट धरलं, पिंकीने उगीचच मामाचा पाय धरला. या झटापटीतही मामाने चहा एका घोटात संपवला, जीभ भाजली तरी हूं की चूं केलं नाही.

"पाह्य. झालो मऊ!"

दुसऱ्या दिवशीच्या सराव पेपरात निकेशने बॅकेलाइट तापवलं की मऊ होणाऱ्या पॉलिथिनच्या शेजारी नेऊन बसवलं. ते ऐकून आईचा आनंद ओसरला.

"दादा, पोराचं नुकसान केलं तू."

मामा चपापला. "मग आता?"

"पुन्हा कडक व्हा, लटारूभाऊ," बाबा म्हणाले. "दोन दिवसांचाच तं प्रश्न आहे. जमंल?"

"जमंल म्हणजे?" मामाची मिशी वर गेली. "पेपराले मीच नेतो त्याले."

"तसं होत नाई बाबा," निकेश रडवेला झाला. "एकदा मऊ झालं तं थे बॅकेलाइटच नाई."

शनिवारी मामा फटफटी घेऊन पहाटेच हजर. चंद्रपूरपर्यंत तो कोणालाही नमला नाही. रस्त्यात एक बकरी आडवी आली. मामा थांबला, बकरीही थांबली. दोघंही हटेनात. निकेश घड्याळ पाहून कासावीस झाला. शेवटी बकरीनेच माघार घेतली.

केंद्राच्या दारात मामाने फटफटी उभी केली.

"इथी गाडी नाई लावायची, भाऊ," पहारेकरी म्हणाला.

"लावली."

"हटवा."

"नाई."

पहारेकरी आधी समजावत होता, मग ओरडू लागला. दुसरा आला, तोही ओरडू लागला. मागून एक साहेब घाम पुसत आले. मामा हाताची घडी घालून गाडीवर बसलेला.

"तापवा," तो शांतपणे म्हणाला. "तापवा अजून."

निकेशने हॉल तिकिटाआड तोंड लपवलं आणि आत पळाला.

पेपर सुरू झाला. थोड्याच वेळात पडद्यावर तो प्रश्न आला: खालीलपैकी कोणता पॉलिमर तापवल्यावर पुन्हा मऊ होत नाही? चार पर्याय. निकेशच्या डोळ्यांसमोर भरलेला कप आला, मामाचं ते 'झालो मऊ' आलं. माउसवरचा हात पॉलिथिनकडे सरकला आणि तिथेच अडला. बाहेर मे महिन्याचं ऊन होतं आणि त्या उन्हात तीन माणसं मिळून एका माणसाला तापवत होती. तो हटला असेल का?

निकेशला आपोआप हसू आलं. त्याने बॅकेलाइटवर टिचकी मारली आणि पुढे गेला.

पुढचा प्रश्न भौतिकशास्त्राचा होता. तिथे त्याचं कोणीच नातेवाईक नव्हतं.