आधी विहीणबाई

त्या दोघी आठवडाभर जहाजावरच्या एका खोलीत राहिल्या आणि एकदाही भांडल्या नाहीत. याचं श्रेय मास्तरीण स्वतःला देत असे, आणि विहीणबाई समुद्राच्या हवेला.

मास्तरीण म्हणजे पोहायला शिकवणारी. नगरपालिकेच्या तलावावर तिची उमेदीची सारी वर्षं गेली. गळ्यात शिट्टी आणि पायाला भिंगरी घेऊनच ती जन्माला आली असावी, असं तलावावरचे लोक म्हणत. एक घाव दोन तुकडे, हा तिचा खाक्या. तिच्या मुलीची सासू मात्र दुसऱ्याच मातीची. या विहीणबाईंची स्वतःची बेकरी होती, आणि पीठ फुगायला जो वेळ लागतो तो लागतोच, कुणी कितीही डोळे वटारले तरी, हे त्यांनी तिथं शिकून घेतलेलं. जगातल्या बाकी सगळ्या गोष्टींनाही त्या हाच नियम लावत. नाश्त्याला निघाल्या की वाटेत भेटेल त्याच्याशी बोलत. जेवणघरापर्यंत पोचायच्या आत मास्तरणीची कॉफी पिऊनही झालेली असे. मास्तरणीनं मनातल्या मनात त्यांचं नाव बैलगाडी ठेवलं होतं.

दोघींनाही नवरे राहिले नव्हते. मुलगी आणि जावई यांनी मिळून ही सहल दोघींना भेट दिली होती. "महिन्याभरानं बाळ आलं की तुम्हाला श्वास घ्यायला फुरसत मिळायची नाही. आत्ताच फिरून या," असं जावई म्हणाला होता.

पण बाळानं महिनाभर थांबायचं नाही असं ठरवलं. जहाज दुसऱ्या दिवशी सकाळी बंदराला लागणार, त्याच्या आदल्या संध्याकाळी जावयाचा फोन आला. मास्तरीण तेव्हा वरच्या डेकवर कठड्याला टेकून उभी होती.

"आई, घाबरू नका. हिला दवाखान्यात आणलंय. डॉक्टर म्हणतात, उद्या होईल. तुमचं विमान उद्या संध्याकाळचं आहे ना, मी सकाळच्या विमानात जागा बघितली. एकच मिळतेय. नाव कुणाचं घालू?"

"माझं घाला," मास्तरीण म्हणाली. यात विचारण्यासारखं काय आहे, हेच तिला कळेना. बाळंतपणाला पोरीची आई नको तर कोण हवी?

पलीकडे जरा कुजबुज झाली आणि फोन मुलीच्या हातात गेला.

"आई, रागावणार नाहीस ना?"

"आधी सांग तर."

"त्या जागेवर सासूबाईंना येऊ दे."

मास्तरणीनं फोन दुसऱ्या कानाला लावला. खाली पाणी शांतपणे मागे सरकत होतं.

"का गं?"

"तू आलीस की मला शूर व्हावं लागतं. तू पलंगाशी उभी राहशील आणि म्हणशील, श्वास घे, सोड, शाब्बास. मी घेईन पण आणि सोडीन पण. पण मला फार भीती वाटतेय आई. मला या वेळी रडायचंय. त्यांच्यासमोर रडलं की त्याही रडतात. मग बरं वाटतं."

"बरं," मास्तरीण म्हणाली.

"रागावलीस?"

"नाही गं. पाणी पीत राहा. आणि डाव्या कुशीवर झोप." एवढं म्हटलं आणि तिनं जीभ चावली. पण फोन ठेवला गेला होता.

ती कठड्याशी उभीच राहिली. ही मुलगी लहान असताना थंडीत तलावात उतरायची, ओठ निळे पडायचे, पण डोळ्यांत टिपूस नाही. "माझी पोर कधी रडली नाही," हे मास्तरणीनं कितीजणांना अभिमानानं सांगितलं होतं! सांगताना पोर शेजारीच उभी असायची. तिला याबद्दल काय वाटतं, हे विचारायचं मात्र कधी कुणाला सुचलं नव्हतं. मास्तरणीला तर नाहीच.

राग आला का? आला. तो विहीणबाईंचा होता की पोरीचा, हे काही तिला ठरवता येईना. मग सूर्य बुडाला, डेकवरचे दिवे लागले, खुर्च्या उचलणारा माणूस तिच्याजवळ येऊन थांबला, आणि तिच्या लक्षात आलं की रागावत बसायला वेळ नाही. उद्या सकाळी या बैलगाडीला विमान गाठायचं होतं.

खोलीत विहीणबाई पलंगावर सामानाच्या ढिगाऱ्यात बसल्या होत्या. दरवाजाबाहेर दोघींच्या मोठ्या बॅगा उभ्या होत्या. शेवटच्या संध्याकाळी मोठ्या बॅगा बाहेर ठेवायच्या, जहाजाची माणसं त्या उचलून नेतात आणि सकाळी बंदरातल्या हॉलमध्ये हवाली करतात, अशी तिथली रीत. मात्र त्या मिळेपर्यंत ऊन वर येतं. ज्याला घाई आहे त्यानं आपलं सामान आपल्या खांद्यावर घ्यायचं आणि पहिल्या रांगेत उभं राहायचं.

मास्तरणीनं सगळं सांगितलं. आडपडदा न ठेवता, पोरीच्याच शब्दांत.

विहीणबाईंच्या चेहऱ्यावर आधी आनंद आला, मग लाज, मग नुसती धडकी.

"मला? छे छे! बाळंतपणाला आई हवी हो."

"आई हवी की सासू, हे बाळंतिणीनं ठरवायचं. तिनं ठरवलंय."

"तुम्हाला वाईट वाटलं असेल."

"वाटलं," मास्तरीण म्हणाली. "पण त्याचं उद्या दुपारी बघू. सकाळी सवड नाही."

"अहो, मी एकटी कधी विमानात बसले नाही. येताना पट्टासुद्धा तुम्हीच लावून दिलात. विमानतळावर हरवले तर?"

"तोंड आहे ना? तुम्ही तर खांबाशीही गप्पा मारता. विचारायचं." मास्तरणीनं पलंगावरची खांद्याची पिशवी उचलली. "यात फक्त पासपोर्ट, फोन, औषधं आणि एक जोडी कपडे. बाकी सगळं मी मागून आणते. तुमची मोठी बॅगपण."

"आणि ही बिस्किटं?"

"बिस्किटं राहू द्या."

"नातवंड येणारेय आणि हात हलवत जाऊ?"

"त्याला दात नाहीत, विहीणबाई."

विहीणबाई हसल्या, आणि हसता हसता पदरानं पुसावे तसे बाहीनं डोळे पुसले. बिस्किटांचा डबा मात्र त्यांनी पिशवीत घातलाच. मास्तरणीनं पाहूनही न पाहिल्यासारखं केलं.

सकाळी मास्तरीण उठली तेव्हा खिडकीत समुद्राऐवजी क्रेन दिसत होत्या. जहाज लागलं होतं. तिला वाटलं, विहीणबाईंना उठवायला घटकाभर जाईल. बघते तर त्या अंघोळ करून, कपडे करून, केस विंचरून पलंगाच्या कडेला बसलेल्या. फक्त पाय अनवाणी.

"बूट घाला ना."

"बूट," विहीणबाई बारीक आवाजात म्हणाल्या, "मोठ्या बॅगेत गेले."

मोठी बॅग कधीच जहाजाच्या पोटात गेली होती. खोलीत उरल्या होत्या त्या जहाजानं दिलेल्या कापडी सपाता, पुठ्ठ्याच्या तळाच्या. ऐन वेळी घोडं पेंड खातं ते असं. तलावावर असती तर मास्तरणीनं शिट्टी फुंकली असती. इथं तिनं खाली बसून आपले बूट काढले, पुढच्या टोकात मोजे कोंबले आणि विहीणबाईंच्या पायांत चढवून नाड्या बांधल्या.

"अहो, काय करताय! माझ्या पायाला हात..."

"पाय हलवू नका."

"आणि तुम्ही?"

"मी काय, दिवसभर इथंच." तिनं सपातांत पाय सरकवले.

लिफ्टपुढे ही गर्दी. जिन्यानं जायचं ठरलं. विहीणबाई वरच्या पायरीवरच थबकल्या. एका बाजूला कठडा, खाली मजल्यामागून मजले, आणि पायांत दुसऱ्याचे बूट. मास्तरीण पुढे धावणार होती, पण थांबली. पाण्याला घाबरणारी माणसं तिनं हयातभर पाहिली होती. त्यांना ओढायचं नसतं. ती मागे फिरून विहीणबाईंच्या बाजूला आली.

"खाली बघू नका. पुढची पायरी तेवढी बघा. तुमची चाल तुम्ही चाला, मी बरोबर आहे."

आणि गंमत म्हणजे विहीणबाई थांबत-थांबत नाही, एका लयीत उतरल्या. वाटेत फक्त एका सफाईवाल्या बाईला 'येते गं' म्हणाल्या, तेही चालता चालता.

खालच्या मजल्यावर मात्र मास्तरीण थबकली. पहिली रांग दारापासून निघून दुकानांपुढून, कॉफीच्या टेबलांना वळसा घालून पार मागच्या भिंतीपर्यंत गेली होती. सगळ्यांच्याच खांद्यावर सामान, सगळ्यांनाच घाई. या हिशेबानं विमान गेल्यावर यांचा नंबर लागणार, वरातीमागून घोडं.

"मी पुढे जाऊन त्यांच्या माणसाशी बोलते," मास्तरीण बाह्या सरसावून म्हणाली. तेवढ्यात रांगेच्या मधूनच कुणीतरी ओरडलं,

"अहो बेकरीवाल्या ताई! अजून इथंच? बाळाचं काय झालं?"

ओरडणारे होते एक निवृत्त पोस्टमन. आठवडाभर नाश्त्याला ते विहीणबाईंना आपल्या गुडघ्याच्या ऑपरेशनची कथा टाक्यागणिक ऐकवत आणि त्या ऐकत. काल रात्री जेवताना विहीणबाईंनी सुनेची बातमी त्यांना सांगितली होती. त्यांनाच कशाला, साऱ्या जेवणघराला सांगितली होती. घरची गोष्ट चव्हाट्यावर मांडली म्हणून मास्तरीण मनातून धुसफुसलीही होती.

"आज होणार!" विहीणबाई इथूनच ओरडल्या. "सकाळचं विमान आहे हो!"

"मग मागे काय उभ्या राहताय? अहो, या आजीबाईंना जाऊ द्या पुढे. नातवंड यायचंय!"

आणि रांग सरकली. एकानं बॅग बाजूला घेतली, दुसऱ्यानं बायकोला ओढलं. "या या, जा पुढे," "सून बरी आहे ना?" "शुभेच्छा हं ताई!" विहीणबाई प्रत्येकाला उत्तर देत देत मुंगीच्या पावलानं पुढे चालल्या, आणि त्यांच्यामागून मास्तरीण पुठ्ठ्याच्या सपाता फटफटवत. आयुष्यात कधी तिला कुणी असं पुढे जाऊ दिलं नव्हतं. ती नेहमी स्वतःच घुसलेली.

दाराशी यंत्रावर दोघींची जहाजाची कार्डं पिंग पिंग वाजली. उतरत्या पुलावर वारा लागला. बंदरातल्या हॉलमध्ये पासपोर्टवर शिक्के बसले आणि बाहेर टॅक्सीच्या रांगेत पोस्टमन आणि त्यांची बायको पुन्हा मागून येऊन पोचले. त्यांचंही तेच विमान निघालं.

"ताईंना आम्ही नेतो," पोस्टमनबाई म्हणाल्या. "पट्टा-बिट्टा सगळं बघते मी. आणि यांना जरा दुसऱ्या कुणाला तरी गुडघा सांगू दे."

मास्तरणीचा जीव भांड्यात पडला. तिच्या डोक्यात अजून पुष्कळ सूचना होत्या: पाणी कुठं भरून घ्यायचं, कोणत्या दारातून जायचं, उतरल्यावर जावयाला कुठं उभं राहायला सांगायचं. ती टॅक्सीच्या खिडकीशी वाकली.

"विहीणबाई," ती म्हणाली, आणि बाकी सगळं गिळलं. "रडा दोघी मनसोक्त."

विहीणबाईंनी खिडकीतून हात काढून तिच्या गालाला लावला. टॅक्सी गेली.

मास्तरीण परत हॉलमध्ये येऊन बाकावर बसून राहिली. बॅगा आल्या, तिनं दोन्ही ओळखून उतरवल्या. पायांत घालायला विहीणबाईंचे बूट काढून पाहिले, ते अंगठ्यापाशीच अडकले. मग बंदराबाहेरच्या रस्त्यावर एका छोट्या दुकानातून तिनं निळ्या चपला घेतल्या आणि विमानतळावर गेली. तिथं दिवसभर काही करायचं नव्हतं. कुणाला काही शिकवायचं नव्हतं. ती काचेशी बसून विमानं बघत राहिली. वाईट वाटण्याचं ती दुपारी बघणार होती, पण दुपार झाली तरी ते म्हणावं तसं वाटेना. पोरीनं आपल्याला खरं सांगितलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, एवढंच पुन्हा पुन्हा मनात येत होतं.

फोन वाजला. पलीकडे नुसते हुंदके.

"विहीणबाई? काय झालं?"

"मुलगी झाली हो! चिमणीएवढी आहे, पण आवाज काय आहे! मी वेळेत पोचले. आम्ही दोघी इतक्या रडलो, इतक्या रडलो, की शेवटी नर्स ओरडली, आता एकीनं तरी गप्प बसा. मग मी गप्प बसले."

मास्तरीण हसली. शेजारचा माणूस वळून बघायला लागला तेव्हा तिला कळलं की गाल ओले आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दवाखान्यात गेली. विहीणबाई कोपऱ्यातल्या खुर्चीत बसल्या बसल्या गाढ झोपल्या होत्या. पलंगावर मुलगी, तिच्या कुशीत लाल तोंडाचं एक गाठोडं. मास्तरीण शेजारी बसली. मुलीचा हात हातात घेतला. उशी वाकडी होती, ती तिनं सरळ केली नाही. पाण्याचा ग्लास भरलेला होता, पी म्हणाली नाही. बाळाकडे बघत गप्प बसून राहिली, बराच वेळ.

"आई," मुलगी म्हणाली, "तुला बरं नाहीये का?"

"बरंय की. का गं?"

"काहीच सांगत नाहीयेस मला."

"तूच म्हणालीस ना..."

"ते कालपुरतं होतं. काल रडून झालं." मुलगी हसली आणि लगेच कळवळली, टाके ओढले गेले. "आता सांग ना काहीतरी. ही दोन घोट दूध पिते आणि झोपून जाते. काय करू?"

मास्तरणीनं खुर्ची पुढे ओढली.

"तिच्या पायाचा तळवा हलकेच चोळ, म्हणजे जागी राहील," ती म्हणाली. "असा. हळू. अगदी हळू."