चीर पडलेला चंबू

मी प्रयोगशाळेतला एक जुना काचेचा चंबू आहे. भट्टीच्या धगीतून निघून, पेंढ्यात गुंडाळून मी भंडाऱ्याच्या एका कॉलेजात आलो. मित्रांनो, माझं काम स्वयंपाकाचं. साखर, पेप्टोनचं सत्त्व आणि अन्न गोठवणारी अगारची पूड पाण्यात मिसळून मी यीस्टसाठी अन्न शिजवायचो. "ह्याच्यात गुठळी होत नाही," असं इथं शिकवणाऱ्या चंद्रकला मॅडम कौतुकानं म्हणायच्या. मग एकदा कुणीतरी मला गरम असतानाच थंड नळाखाली धरलं. पोटावर केसाएवढी चीर पडली आणि मी वरच्या फळीवर धूळ खात बसलो.

यंदा करडी गावच्या रिता या विद्यार्थिनीनं मोहफुलांवरचं यीस्ट वाढवलं होतं. पण फ्रीज बंद पडला आणि यीस्ट वाढवलेल्या तिच्या साऱ्या काचेच्या बश्या बॅक्टेरियांनी बुळबुळीत झाल्या. यीस्टची एकच नळी उरली, तीही नासू लागलेली. मोहाचा बहर तर केव्हाच सरला होता.

"आता बॅक्टेरिया मारणारं औषध घातलेलं अन्न कर," मॅडम म्हणाल्या. "त्यात यीस्ट तेवढं जगेल."

अगार एका वेळेपुरतंच होतं. बाकीचे चंबू दुसऱ्या वर्गाच्या प्रयोगात अडकलेले. रितानं मला उतरवलं, बोट फिरवलं आणि ती थबकली.

"मॅडम, याले त चीर हाय जी! कुकरमंदी फुटला त?"

"दुसरा कुठून आणतेस? आच बारीक ठेव."

माझ्यात अन्न भरून तिनं मला कुकरात ठेवलं आणि झाकण लागलं. अंधारात वाफ दाटली तशी माझी चीर ताणली जाऊ लागली. मी फुटलो तर सारं संपणार होतं. बाहेर रिता पुटपुटत होती, "फुटू नोको रे, बाबा."

मी फुटलो नाही. पण चीर बुडापर्यंत उतरली. हाताला सोसेल इतकं निवल्यावर तिनं औषध मिसळलं, बश्या भरल्या आणि गोठलेल्या अन्नावर नळीतला थेंब रेघांनी पसरला.

मग नुसती वाट पाहणं. रिता येता-जाता बश्यांकडे बघायची. अखेर एका सकाळी सायीच्या रंगाचे ठिपके दिसले. मॅडमनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं.

"यीस्टच आहे, रिता. पेशींना कळ्या फुटताहेत बघ."

रिता मटकन स्टुलावर बसली आणि रडली.

आता मी विस्तवावर जात नाही; थंड पाणी मोजून देतो. तरी नवा हात माझ्याकडे आला की धस्स होतं. याला माझी चीर माहीत असेल का? मित्रांनो, दुखलं तरी काचेला सांगता येत नाही. कामाला घेण्याआधी तिला एकदा उजेडात धरून पाहा.