प्रायश्चित्ताचा पांढरा रंग

मित्रांनो, मी एक जुना लाकडी पाळणा आहे. माझ्यात कुणी बाळ ठेवू लागले की मी आधी ठेवणाऱ्याचा चेहरा निरखून पाहतो. स्वभावच संशयी झाला आहे माझा. माझ्या जागी तुम्ही असता तर तुमचाही झाला असता.

दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या दोन भावांच्या घरात माझा जन्म झाला. धाकट्याने आपल्या बाळासाठी मला घडवले आणि थोड्याच दिवसांत तो वारला. थोरल्याने घर घशात घातले, भावजयीला तान्ह्या बाळासकट बाहेर काढले आणि मला मात्र ठेवून घेतले. जाता जाता ती एवढेच म्हणाली, "या पाळण्यात तुमचं मूल धड वाढायचं नाही."

थोरला वरवर हसला, पण आतून टरकला. त्याची बायको गरोदर होती. शाप पुसायचा म्हणून त्याने दुकानातला सर्वांत भारी पांढरा रंग काढला आणि स्वतःच्या हाताने मला रंगवले. काय रुबाब होता माझा! शेजारीपाजारी मुद्दाम पाहायला येत. पण त्याचा पहिला मुलगा रांगता झाला तसा पोट धरून रडू लागला, पांढराफटक पडला आणि गेला.

मग तसा पायंडाच पडला. घराण्याचे पाप घराण्यानेच फेडायचे, म्हणून प्रत्येक बाप मूल जन्मण्याआधी मला रंगाचा नवा हात देऊ लागला. तरी दर पिढीत एखादे मूल दगावे. सासू सुनेच्या पायगुणावर संशय घेई, सून नणंदेच्या नजरेवर, आणि सगळे मिळून माझ्यावर. चोर सोडून संन्याशाला फाशी, असे मी मनात म्हणत असे.

यंदा घरातल्या सुनेची मुलगी माझ्यात झोपू लागली. तिला दात येत होते. ती माझा कठडा चघळत बसे आणि मला ते फार गोड वाटे. मग तीही रडू लागली, दूध टाकू लागली.

"आणखी एक हात दे रे," सासू मुलाला म्हणाली. "मागचा पातळ लागला असेल."

तो रंगाचा डबा घेऊन आला, तर सून आडवी आली. "थांबा जरा. माहेरी होती तेव्हा ही ठणठणीत होती. इथं आली की दुखणं सुरू." तिने मुलीचे तोंड उघडले. जिभेवर रंगाची पांढरी खपली होती. ती खपली आणि मुलगी घेऊन ती तडक डॉक्टरांकडे गेली.

परत आली ती दारातूनच म्हणाली, "अहो, आपल्या रंगात शिसं आहे. पोटात गेलं की विष."

"पण रंग तर आपण पोरांच्या भल्यासाठीच देत आलो," नवरा पुटपुटला.

सासूने रंगाचा डबा दूर सरकवला आणि ती खाली बसली. "माझा पहिला आजारी पडला, तेव्हा ह्यांच्या मागे लागून मीच दोनदा रंग द्यायला लावला होता." सुनेने मुलगी तिच्या मांडीवर ठेवली आणि शेजारी बसून राहिली.

मुलीला औषध चालू आहे. मला आता माळ्यावर टाकले आहे. काल ती हसली, ते मी तिथून ऐकले.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला विनवतात की आम्हाला जपा, वापरा. माझे मागणे उलटे आहे. बाळाशिवाय मला करमत नाही, दिवस खायला उठतो. तरीही उद्या कुणी बाई आपल्या तान्ह्यासाठी मला मागायला आली, तर मला देऊ नका.