सेजलचे कान आणि मी

मित्रांनो, माझ्याकडे बघून नाकं मुरडू नका. पेडणे तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात तान्ह्या बाळांचे कान तपासणारं मी एक जुनं यंत्र आहे. वायरीला चिकटपट्टी लावली आहे, पण काम चोख. बाळाच्या कानात मी बारीक टिकटिक सोडतो. निरोगी कान तिचा हलकासा पडसाद परत पाठवतो. तो आला नाही, तर माझ्या पडद्यावर ‘पुन्हा तपासा’ उमटतं.

एवढंच हं! नियमाच्या भाषेत माझं काम म्हणजे नुसती चाळणी. बहिरेपण आहे का, किती आहे, हे पुढच्या मोठ्या तपासणीनंतर तज्ज्ञ ठरवतात. लोक मात्र मलाच बोल लावतात.

कोरगावची क्षमा आपली तान्ही लेक सेजल हिला घेऊन आली. दोन्ही कानांना ‘पुन्हा तपासा’ आलं. सोबत सेजलची आत्या विमला होती. ती उसळलीच. “काय सांगता गो सिस्टर? बारशाला मीच तिच्या कानात नाव सांगितलं. कशी गोड हसली! आणि तुमचा हा डबा तिला बहिरी म्हणतो?”

डबा! असा राग आला मला!

परिचारिका कमलाक्षी शांतपणे म्हणाली, “बहिरी कोणी म्हटलं नाही गो बाये. कानाशी बोललं की श्वास लागतो, बाळाला गुदगुल्या होतात. घरी पाठीमागून हाक मारून बघ. आणि परत तपासायला आणा.”

विमला क्षमाला घेऊन फणकाऱ्याने निघून गेली. बोलावलेल्या दिवशी कोणीच आलं नाही. माझा जीव तुटत होता. ऐकू न येता महिने गेले, तर पोरीचं बोलणंही मागे पडणार होतं.

पण एका सकाळी विमलाच सेजलला कडेवर घेऊन आली. मागे क्षमा. विमलाचे डोळे सुजले होते. “पाठीमागून किती हाका मारल्या गो! बघितलंसुद्धा नाही तिने. माझ्या हट्टापायी उशीर झाला. आता तपासा.” नाव ऐकून बाळ हसलं, ही गावभर मिरवलेली गोष्ट तिने चारचौघांत मागे घेतली. शाब्बास गं विमला! असं धाडस मी क्वचितच पाहिलंय.

म्हणून मित्रांनो, टाळ्या वाजवून किंवा बाळाचं हसू बघून तुम्हीच निकाल लावू नका. त्याला आमच्याकडे आणा. परत बोलावलं, तर परत आणा.

सेजलच्या कानांना त्या दिवशीही ‘पुन्हा तपासा’च आलं. मग मोठ्या इस्पितळात बहिरेपणाचं निदान झालं, श्रवणयंत्रं मिळाली. त्याच दिवशी ती दाखवायला दोघी आमच्याकडे आल्या, तेव्हा सेजल भुकेने रडत होती. क्षमाने यंत्रं कानांत बसवून सुरू केली आणि पोर एकदम गप्प झाली. मग हळूच रडली. थांबली. पुन्हा रडून बघितलं. तिला तिचाच आवाज ऐकू येत होता.

विमलाने तिला छातीशी धरलं. “रड गो माझे बाय,” ती हुंदके देत म्हणाली, “पोटभर रड!”