वाटेत घोट घेऊ नका

मी एक जांभळा जिवाणू बोलतोय. सोमवारी सकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी नुरीला नावाच्या एजेंनी, म्हणजे शाळेतल्या बाईंनी, मेंढ्यांच्या डबक्यावरचा बर्फ फोडून मला गाळासकट बरणीत भरलं आणि वर्गाच्या खिडकीत ठेवलं. बरणीत माझे लाखो भाऊबंद आहेत, पण बोलायची हौस मलाच.

"एजे, हा ऊन खातो म्हणजे कसा?" छोट्या अयझिरेकने विचारलं. टोपी, मफलर, हातमोजे; मधे नुसते डोळे. तिची आई बुरुल दारातच घुटमळत होती. पोरीचा खोकला हटत नव्हता.

"याच्या अंगात रंगकणांच्या कड्या असतात," एजे म्हणाल्या. "एक कण ऊन झेलतो, शेजारच्याला देतो, तो पुढच्याला, थेट मधल्या केंद्रापर्यंत. तिथे ते कामाला लागतं. आपण नाही का चहाचा पियाला हातोहात मानाच्या पाहुण्याकडे धाडत? मधे कुणी घोट घेत नाही, तसंच."

खरंय. आमच्यात वाटेत जराशी ऊब सांडते, पण खिशात कुणी घालत नाही.

माणसांचं निराळं. वर्गाच्या शेगडीसाठी गाडीभर कोळसा निघाला. जिल्ह्याच्या कचेरीने थोडा 'नमुना' म्हणून ठेवला, थोडा गाडीवाल्याने, बाकीचा मुख्याध्यापक तोकोन आगायांच्या खोलीत गेला. वर्गात पोचली अर्धी बादली.

"आधी कार्यालय उबदार हवं, मग शाळा आपोआप चालते," आगाय म्हणाले. माझ्या वासाला नाक मुरडून त्यांनी मला कपाटामागे ढकललं.

शनिवारी त्याच वर्गात पालकांचा चहा होता. आगाय मानाच्या जागी. दाराशी बसलेल्या बुरुलने पियाला भरला आणि पुढे द्यायच्या आधी घोट घेतला. "थंडी फार आहे हो!" शेजारणीने घेतला. तिच्या शेजारणीनेही. आगायांच्या हाती आली तळाची पत्ती.

"हा काय चावटपणा, बुरुल?"

"कोळसा असाच येतो ना, आगाय? मला वाटलं, पद्धत बदलली."

बोलून गेल्यावर तिच्या मनात आलं, पोरीचं शाळेतलं नाव कापलं तर? पण वर्गभर हशा पिकला आणि आगायांचे कान लाल झाले. सोमवारी त्यांच्या खोलीतली पोती वर्गात आली. अयझिरेकने हातमोजे काढले.

मी अजून कपाटामागेच. उजेड कमी पडला की आम्ही अर्ज करत नाही, आणखी कड्या विणतो. पण विणून विणून किती विणणार? मला खिडकीत ठेवा, एवढं नुरीला एजेंच्या कानावर घाला. तुम्ही शेजारच्याला सांगा, तो पुढच्याला सांगेल.

फक्त वाटेत कुणी घोट घेऊ नका.