वामनच्या नावावरचा एक्स-रे

संशय घेणं हा माझा स्वभाव, आणि रबाळ्याच्या त्या ब्रेक लायनरच्या कारखान्यात मला पगारही त्याचाच मिळायचा. मी पर्सोनेल खात्यात. आजारपणाच्या प्रत्येक दाखल्यामागे मला गावची जत्रा दिसायची, आणि बहुतेकदा ती असायचीही.

सत्त्याण्णव साली आमचे लायनर घेणाऱ्या मोटार कंपनीने बजावलं, यापुढे ब्रेकमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस चालणार नाही. ती पावडर फुप्फुसात रुतून बसते म्हणे. शिवाय कामगारांच्या छातीचे एक्स-रे हवेत. मालकांनी पावडर बदलली आणि सगळ्यांना तपासणीला वाशीला पाठवलं. ज्याच्या छातीत डाग निघेल तो घरी, असंही ठरलं.

मिक्सरमध्ये पंधरा वर्षं पावडर ओतणारा बोनकोड्याचा वामन तेव्हापासून माझी नजर चुकवू लागला. जमीन गेली त्या बदल्यात घरटी एक नोकरी मिळालेली, ती गेली की संपलंच. माझ्यासमोर तो खोकला गिळायचा. हा काहीतरी भानगड करणार, अशी मी खूणगाठ बांधली.

रिपोर्ट आले. वामनच्या कागदावर वजन अडुसष्ट किलो! हा काडीपैलवान, पंचेचाळीस भरला तरी खूप. चोर सापडला म्हणून मी खूश झालो, खोटं कशाला बोलू. पण खाली लिहिलं होतं, दोन्ही फुप्फुसांत डाग. आता मात्र माझं डोकं चालेना. तोतया पाठवायचा तर धडधाकट पाठवतात की आजारी?

त्याला बोलावून दार लावलं. वजनावर बोट ठेवताच तो कबूल झाला. धाकट्या भावाला, प्रीतमला, पाठवलं होतं. चोवीस वर्षांचा, रिक्षा चालवणारा, दणकट गडी. मग मी खालची ओळ वाचून दाखवली.

"न्हाय साहेब," तो म्हणाला, "प्रीतम कंदी कंपनीन आला न्हाय. तुमीच कायतरी घोटाला केलाव."

संशय माझ्यावरच! मी चिडून विचारलं, घरी काय काय नेतोस? पावडरची रिकामी पोती, तो म्हणाला. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं, सगळेच न्यायचे. गेटपास मीच द्यायचो, फुकटचं पुण्य म्हणून. त्याची बायको गोजरा ती झटकून गोधडीखाली अंथरायची. प्रीतम नऊ वर्षांचा असल्यापासून त्यांच्यावरच झोपत होता.

नोकरीचं वामनने विचारलंच नाही.

"माजी दोन पोरा पन त्याच्याच बाजूला निजतान, साहेब."

मी गेटपासची वही उघडली. एकट्या बोनकोड्यातली एकतीस घरं निघाली, आणि सही सगळीकडे माझी.